ओला रंग

पेंटर शिडीच्या चौथ्या पायरीवर होता आणि खाली पाणीपुरवठा कार्यालयाच्या हेडक्लार्कना दरदरून घाम फुटला होता.

"अरे, हे काय चढवलंस भिंतीवर!"

कोणतं काम किती दिवसांत होतं ते जनतेला दिसलं पाहिजे, असा हुकूम वरून येऊन पाच महिने झाले होते. मोठे साहेब तपासणीला आज अकराला येणार होते. म्हणून पेंटरला आज आठला बोलावलं होतं.

पेंटरचा एक नियम होता. हातात कागद असल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. तोंडी ऐकून त्याने एकदा एका दवाखान्यावर भलत्याच डॉक्टरचं नाव रंगवलं होतं. म्हणून सकाळी त्याने विचारलं, "दिवस किती लिहू?" फायली कपाटात कोंबता कोंबता हेडक्लार्क खेकसले, "नोंदवहीत बघ ना!" पेंटर म्हणाला, "तसं लिहून द्या." त्यांनी 'नोंदवहीप्रमाणे रंगवावे' असं खरडलं, सही ठोकली, वर शिक्काही मारला. हाताची सवय.

पेंटरने नोंदवही उघडली. त्यातला एक अर्ज त्याला तोंडपाठ होता. त्याच्याच नळाचा. चौदा महिने त्याची बायको दुखऱ्या गुडघ्यांनी तीन जिने पाणी चढवत होती.

आता रांगेतल्या निवृत्त शिक्षिकाबाई भिंत मोठ्याने वाचत होत्या, "गळती दुरुस्ती, सात महिने. मीटर बदलणे, अकरा महिने. नवीन नळजोडणी, चौदा महिने, अद्याप नाही. अक्षर छान आहे हो!"

"पंधरा दिवस असतात ते!" हेडक्लार्क ओरडले.

"नोंदवहीत दाखवा, भाऊसाहेब. लगेच बदलतो."

रांगेत खसखस पिकली.

"पूस आधी!"

"पुसतो की. फडकं आहे, टर्पेंटाइन आहे. तेवढं लेखी द्या."

"लेखी? कसलं लेखी?"

"नोंदवहीप्रमाणे आहे ते पुसावे. खाली सही."

हेडक्लार्कनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं. "तुझा नळ या जन्मात होत नाही, सांगून ठेवतो!"

पेंटरने ब्रश डब्यात बुडवला. "हेही लिहू? खाली जागा आहे."

बाहेर गाडीचं दार वाजलं. हेडक्लार्क बुशशर्ट सारखा करत दाराकडे पळाले.

पेंटरने बारीक ब्रश घेतला. कोपऱ्यात, जिथे तो नेहमी आपलं नाव टाकायचा, तिथे त्याने आपल्या अर्जाचा क्रमांक टाकला.

"माझाही टाका हो," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "तीनशे बारा."

"माझा चारशे सहा!" मागून कुणीतरी ओरडलं. मग आणखी कुणी.

पेंटर एक पायरी खाली उतरला. भिंत बरीच शिल्लक होती.