दोरी बांधलेलं पाणी

गाव तुम्ही रिकामं केलंत. एका दुपारी भोंग्याची गाडी फिरवलीत, विहिरींवर फळ्या ठोकल्यात आणि माणसं शहरातल्या खुराड्यांत नेऊन कोंबलीत. आता सहा वर्षांनी कागद पाठवता, की पाणी शुद्ध झालं, मार्चअखेर परत या, नाहीतर राहती खोली सोडा. शुद्ध कुणी केलं? डोंगरावरच्या कारखान्याचं विष गेलं कुठं?

फुमिए हे सगळं मनातल्या मनात म्हणत होती.  चहाच्या खोलीत बोलायचा पहिला मान पहिल्या पाहुण्याचा, आणि त्या जागेवर कागद पाठवणाऱ्या सरकारी कचेरीचाच माणूस गुडघे मोडून बसला होता. कुराहाशी साहेब. कागदावर सही त्यांचीच.

ती सकाळच्या गाडीने आली होती. जन्मगावात, पाहुणी म्हणून. पिशवीत परतीचा अर्ज भरून तयार होता, सही तेवढी राहिली होती. आपल्या सात वर्षांच्या लेकराला, नाओला, घेऊन इथे राहायला यायचं की नाही, हे आज ठरवायचं होतं.

समोर इत्सुबाई बसल्या होत्या. फुमिएला हा रीतीचा चहा करायला शिकवलं ते यांनीच. पाणी शुद्ध असल्याचा कचेरीचा पहिला कागद मिळताच, वर्षभरापूर्वी, गावात सगळ्यांत आधी परतलं ते बाईंचं घर. बाई, मुलगा, सून, आणि इथेच जन्मलेली आठ महिन्यांची नात. कचेरीच्या पत्रकावर बाईंचा फोटो होता, हसरा, हातात पाण्याचा पेला. तो बघून फुमिएच्या अंगाची आग झाली होती. एवढी ताठ बाई, आणि कचेरीच्या दारातली शोभेची कुंडी होऊन बसली. आजचा चहासुद्धा साहेबांचे आभार मानायला.

शेवटच्या जागेवर बाईंचे दीर होते, गोसुके. ते अजून शहरातच राहत होते.

"पाय मोकळे करा साहेब," ते म्हणाले. "तुमच्या गुडघ्यांनी मघाशीच राजीनामा दिलाय."

"काय करणार, कचेरीत खुर्चीची सवय," साहेब हसले.

"तेच म्हणतो मी. खुर्ची काही सुटत नाही तुमची."

"भावजी, गप्प बसा," बाई म्हणाल्या, आणि पाण्याचं भांडं घेऊन आल्या.

लाकडी बादली होती. तिला गवताची दोरी गुंडाळलेली, दोरीला पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या. अशी दोरी बांधली की पाहुण्यांनी समजायचं, आजचं पाणी खास आहे. मग पहिल्या पाहुण्याने म्हणायचं, आधी नुसतं पाणी चाखू द्या. यजमानाने आपण होऊन द्यायचं नसतं. मागितल्यावर द्यायचं.

साहेबांनी दोरी बघितली. चहा शिकलेला माणूस, रीत माहीत होती. त्यांनी भिंतीवर टांगलेल्या पटावरच्या अक्षरांचं कौतुक केलं. फुलाचं केलं. यंदा थंडी लवकर आली म्हणाले. बाई हात मांडीवर ठेवून वाट बघत होत्या. किटली गुणगुणत राहिली. साहेबांचं कौतुक संपलं, तरी दोरीचा विषय निघाला नाही.

तेव्हा बाईंनी रीत मोडली. फुमिएने हे जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

"साहेब, आमच्या विहिरीचं पाणी आहे. पहाटे मी स्वतः काढलं. आधी घोटभर नुसतं देऊ का?"

"डॉक्टरांनी गार पाणी बंद केलंय, बाई. घसा धरतो."

"भाषणाला बरा चालतो घसा," गोसुके पुटपुटले.

"मग चहाच घ्या," बाई म्हणाल्या. "पाणी तेच आहे, नुसतं उकळलेलं."

त्यांनी हिरव्या पुडीचा दाट चहा घोटला. तिघांत एकच वाडगा. साहेबांनी तो दोन्ही हातांनी उचलला, फिरवला, ओठांना लावला. गळ्याची घाटी हलली.

"कसा झालाय?" बाईंनी विचारलं. पहिल्या घोटाला हे विचारायचंच असतं.

"उत्तम. पाण्याला गोडी आहे."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी आणखी दोनदा वाडगा ओठांना लावला, कागदाने काठ पुसला आणि तो फुमिएकडे सरकवला.

तिने आत पाहिलं. दाट चहा वाडग्याच्या आतल्या भिंतीला धरतो. कुणी प्यायला, की त्याच्या ओठांपर्यंत जाडसर हिरवा ओघळ राहतोच. काठ पुसता येतो, आतली भिंत नाही पुसता येत. वाडग्याची काळी भिंत काठापासून चहापर्यंत कोरडी होती. तिघांचा चहा तळाशी जसाच्या तसा.

पिशवीतल्या अर्जाचा निकाल लागला होता. आता गुपचूप वाडगा ओठांना लावायचा, साहेबांसारखंच पुसायचा, पुढे द्यायचा आणि संध्याकाळची गाडी पकडायची. पण परत जायचं ते कुठे? मार्चनंतर शहरातली ती खोलीही नव्हती.

फुमिएने वाडगा बाईंसमोर ठेवला.

"बाई, आत बघा."

बाईंनी चाळीस वर्षं वाडगे धुतले होते. त्यांना एक नजर पुरली. आता बाई सावरून घेतील, हसतील, फोटोतल्यासारख्या, असं फुमिएला वाटलं. बाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला, आणि फुमिएला कळलं की ही बाई कधीच कुणाच्या दारातली शोभा नव्हती. तिने फक्त कागदावर विश्वास ठेवला होता.

साहेब उठायला गेले. पाय बधिर झाले होते, उठता येईना. 

"साहेब," बाई म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "माझ्या नातीच्या बाटलीत मी रोज हेच पाणी घालते. तुम्ही का नाही प्यायलात?"