समुद्राकडची भिंत

समुद्र दिसला तशी नंदाबाईनं मुलाचा दंड घट्ट धरला. तिच्या गावच्या, धावड्याच्या तलावाला पलीकडचा काठ दिसतो. याला काठच नव्हता.

"ह्ये गावात येत न्हाई का रे?" तिनं विचारलं.

"आल्तं, माय. दोनदा," आदिनाथ म्हणाला.

पहिल्या वादळात इथली घरं गेली, तेव्हा तो भोकरदनच्या गवंड्यांबरोबर दोन महिन्यांसाठी आला होता. बाकीचे परतले. हा राहिला. तिकडे गावी नंदाबाईचे कारभारी एकटेच शेत ओढत होते. दुसऱ्याच्या विटा रचायला पोरगं वाढवलं का, असं म्हणत होते. शेवटी त्यांनी बायकोलाच पाठवलं, त्याला घेऊनच ये म्हणून.

नंदाबाईला वाटलं होतं, गाव उजाड असेल. इथं तर रंगवलेली घरं होती. दारोदारी जाळी वाळत होती. मोडलेल्या माडांच्या जागी लावलेले नवे माड आदिनाथच्या डोक्याच्याही वर गेले होते. ती थांबत थांबत, एकेक घर बघत चालली.

अगदी किनाऱ्याला गिरिजाबाईचं घर होतं. मासे विकणारी म्हातारी. तिनं चहा दिला आणि सांगायला लागली. दुसरं वादळ आलं तेव्हा वरच्या शाळेपर्यंत पोचायला वेळच मिळाला नाही. सगळी आळी या घरात शिरली, तान्ही पोरं घेऊन. लाटा भिंतीवर आपटत होत्या. सगळे आदिनाथच्या तोंडाकडे बघत होते, कारण घर त्यानं बांधलं होतं.

"तुला भ्या न्हाई वाटलं?" नंदाबाईनं मुलाला विचारलं.

"लई वाटलं, माय. भिंतीला हात लावून उभा होतो."

पाणी ओसरलं तेव्हा भिंतीला तडासुद्धा गेला नव्हता, असं म्हातारी म्हणाली.

नंदाबाई उठली. तिनं त्या भिंतीवर तळवा टेकवला. पलीकडून समुद्राचा आवाज येत होता.

फोन वाजला. कारभारी होते. पोराला घेऊन कोणत्या गाडीनं निघालीस, असं विचारत होते. आजवर तिनं त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता.

"तुमीच इकडं या," ती म्हणाली. "आधी समुद्र बघा. मंग पोरानं बांधलेली भिंत बघा. अन् मंग काय बोलायचं ते बोला."