शेवटचा आकडा

"बंदुकीच्या नंबरात शेवटी आठ आहे, कागदावर सहा," सार्जंट पुलेंग म्हणाली आणि चष्मा कपाळावर सरकवून तिनं समोरच्या माणसाकडे पाहिलं.

अलोइस हासलिंगरला दरदरून घाम फुटला होता. तो ऑस्ट्रियाहून आला होता आणि पुढं विंडहुकला शिकारीला निघाला होता. जोहान्सबर्गला विमान कंपनी बदलायची असल्यानं बंदुकीची पेटी खाली उतरली होती. पोलिसांच्या शिक्क्याशिवाय ती पुन्हा वर चढणार नव्हती, आणि पुढचं विमान पन्नास मिनिटांनी होतं.

"चुकलं असेल," तो कसाबसा म्हणाला.

"मग बंदूक इथंच राहील. नियम आहे."

अलोइसच्या शेजारी उभ्या फानीनं कपाळावर हात मारला. शिकाऱ्यांच्या कागदपत्रांचं काम पार पाडून देणं हाच त्याचा धंदा. "तरी मी फोनवर सांगत होतो, फॉर्म मी भरतो! तुम्हालाच हौस. अहो, वीस वर्षं बंदूक वापरताय, नंबर पाठ नाही?"

घाबरलेले शिकारी इथं रोज दिसतात. सिंहाला न भिणारा गडी रबरी शिक्क्यापुढं लटपटतो. पण हा जरा जास्तच भ्यायला होता.

"ठेवून घेतलेल्या बंदुकांचं काय होतं?" त्यानं विचारलं.

"चार महिने कपाटात. न्यायला कुणी आलं नाही, तर भट्टीत."

"म्हणजे पार वितळवता?"

"मग काय, भाजून खातो?" पुलेंगनं चहात रस्क बुडवला.

"पावती मिळते?"

"घ्या! हे पावतीपर्यंत पोचलेसुद्धा!" फानी कळवळला. "पुलेंगबाई, नका जीव काढू त्यांचा. मागच्या वर्षी मेव्हण्याबरोबर आले होते, तेव्हा काही चुकलं का? अरे हो, मेव्हणे कुठायत यंदा?"

"सेपला जमलं नाही."

खिशात फोन थरथरला. बहिणीचं नाव बघून अलोइसनं तो परत खिशात टाकला. पुलेंगनं पाण्याचा ग्लास पुढं केला.

"साहेब, बसा आधी. पाणी घ्या."

"नको. नियम म्हणजे नियम. ठेवून घ्या बंदूक. फार्मवर दुसरी मिळेल मला."

"बघा, किती सरळ माणूस!" फानी पुलेंगच्या कानाशी लागला. "चेहरा पांढराफटक पडलाय बिचाऱ्याचा."

पुलेंगनं अलोइसकडे पाहिलं. तिला दया आली.

"खोटा माणूस असा घाबरत नाही, फानी. खोट्यांचे आकडे कसे अगदी बरोबर असतात." तिनं सहावर रेघ मारली, शेजारी आठ लिहिला आणि कागद पुढं सरकवला. "इथं सही करा."

अलोइस पेन हातात धरून नुसताच उभा राहिला.

"अहो करा, विमान सुटेल!" फानीनं त्याचा हात कागदावर टेकवला.

सही झाली. शिक्का पडला.

"आता कागदावर आणि बंदुकीवर एकच नंबर," पुलेंग म्हणाली. "जगात कुठंही दाखवा, कुणी बोट ठेवणार नाही."

पेटी फानीनं स्वतः नेऊन दिली आणि ती विमानात चढल्याची खात्री करूनच तो परत आला.

विमानात बसल्यावर अलोइसनं फोन उघडला. बहिणीचा निरोप होता. 'सेप सापडला. आपल्याच जंगलात, पालापाचोळ्याखाली. अंगात गोळी आहे. पोलिस घरी बसलेत, तुझी बंदूक कुठं आहे विचारतायत.'

विमानाचं दार बंद झालं. अलोइसनं खिशातून फॉर्मची प्रत काढली आणि खोडलेल्या सहाकडे पाहिलं. तो सहा लिहायला त्याला घरी तीन फॉर्म फाडावे लागले होते. सवयीनं दर वेळी हातातून आठच पडत होता.