बिननावाची तक्रार

संख्याशास्त्राच्या बाईंची नेमणूक वर्षापुरतीच होती. पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, हे विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावर ठरणार होतं.

प्राचार्यांनी एक बिननावाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. बाईंच्या तासाला कितव्या मिनिटाला किती जण पेंगतात, ते कुणीतरी महिनाभर मोजून त्याचा आलेख काढला होता. विसाव्या मिनिटानंतर रेघ जी वर चढली होती, ती थेट घंटेपर्यंत.

"काय म्हणायचंय यावर, बाई? जपून बोला, मला वर कळवायचंय."

बाईंनी चष्मा पुसून कागद दोनदा पाहिला.

"दोन्ही अक्षांना नावं द्या म्हणून वर्षभर घसा कोरडा केला, सर. शेवटी एकानं दिली!" असं म्हणत त्यांनी लाल पेनानं कोपऱ्यात दहापैकी दहा लिहिले.