घासलेली जोडी

इंदूवहिनींनी नवऱ्याच्या ड्रमसेटमधल्या हाय-हॅट झांजांची जोडी माझ्यासमोर ठेवली. माझा हा ड्रमर मित्र जाऊन महिना झाला होता. दोन्ही झांजा लखलखत होत्या. मी कपाळावर हात मारून घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

"चिंचेने घासल्यात, भावजी. आता सांगा, कधीच्या?"

जुन्या झांजांचं वय मी कंपनीच्या शाईच्या शिक्क्यावरून आणि काळपटपणावरून ओळखतो. इथे या दोन्ही खुणा घासून गेल्या होत्या.

"आता नाही सांगता येणार, वहिनी."

"राहू द्या. कडेचा एक डाग तर निघता निघत नव्हता. कार्यक्रम संपला की हे तिथेच धरून झांज काढायचे, त्यांच्या घामट बोटांचा..."

 त्या वरची झांज उचलून खिडकीशी गेल्या आणि कडेवर काही उरलंय का, ते उजेडात शोधू लागल्या.