वरच्या मजल्यावरचं रडणं

वर धाकटी लेक पुन्हा रडू लागली, तशी आईने शिलाई मशीनचा वेग वाढवला.

ब्लाउज न्यायला आलेल्या गिऱ्हाईक बाईने छताकडे पाहिले. "बाळ वाटतं?"

"बाळच," आई म्हणाली. खोटे बोलताना तिचे टाके नेहमी सरळ पडत.

"आवाज मोठा आहे हो बाळाचा."

आईने मान वर केली नाही. दोरा तोडायचे निमित्त करून ती खाली वाकली आणि बाई जाईपर्यंत तशीच राहिली.

दुकानाच्या डोक्यावरच घर होते. एकाच महिन्यात बाळंत झालेल्या दोन्ही मुली तान्ही बाळे घेऊन आईकडे आल्या, तेव्हा गल्लीने तिचा हेवा केला होता. आता तीच गल्ली मापे देताना कान टवकारून उभी राहत होती. धाकटी जेवताना रडे, पाजताना रडे, केस विंचरताना रडे; आणि दुकानात माणसे असली की अधिकच मोठ्याने. आपल्या अंगावरचे वस्त्र भर रस्त्यात उसवत चालले आहे आणि हातात सुई असून उपयोग नाही, असे आईला वाटे.

थोरली मात्र सोन्यासारखी. तिने घरातले सारे पडदे धुऊन काढले, शाळेच्या गणवेशांचे रखडलेले काम एकटीने उरकले. पहाटे आई उठे तेव्हा ती गुणगुणत जिना पुसत असे.

"अगं, जरा पाठ टेक," आई कौतुकाने म्हणे.

"दमतच नाही मी, आई. आणि माझं बाळ काही साधं नाहीये. काय करायचं ते सगळं तेच सांगतं मला." असे म्हणून ती खळखळून हसे. त्या हसण्याने आईचा दिवस उजळे.

"आई, ताई झोपत नाही गं," धाकटी एकदा हळूच म्हणाली होती.

"ती झोपत नाही म्हणून हे घर चाललंय. तू झोपून काय दिवे लावलेस?"

"तसं नाही गं, ती..."

"पुरे. सख्ख्या बहिणीचं चांगलं बघवत नाही, तर निदान गप्प तरी बस."

मत्सर माणसाला आतून कुरतडतो, अशी आईने मनाची समजूत घातली. पण मग दुकानातली मोठी कात्री नाहीशी झाली आणि धाकटीच्या गादीखाली सापडली. जाब विचारला, तर पुन्हा तेच रडणे. आईने कात्री कुलपात ठेवली आणि गोष्ट पोटात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ उघडली थोरलीच्या सासूबाईंसमोर. त्या नातवाला बघायला आल्या होत्या. थोरली गच्चीच्या कठड्याशी उभी राहून बाळाला ऊन दाखवत होती. एकाएकी धाकटी अनवाणी धावली, बहिणीच्या हातून बाळ हिसकावले आणि स्वतःचे बाळ निजले होते त्या खोलीत शिरून आतून कडी लावली.

थोरली नुसती हसली. "असू दे गं आई. बाळ म्हणतंय, मावशी घाबरलीय."

"विहीणबाई," सासूबाई चपला घालताना म्हणाल्या, "धाकटीचं काय ते वेळीच बघा हो. आमचं नातवंड आहे या घरात."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे आईला झाले.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंना बोलावले, तेही मागच्या जिन्याने. शेजारणीने विचारलेच, तर कोटाचे माप द्यायला आल्या आहेत, असे सांगायचे ठरले होते.

"बाळंतिणीच्या मनाचं दुखणं म्हटलं की मागचाच जिना," डॉक्टरीणबाई धापा टाकत म्हणाल्या. "अर्ध्या गावाची पुढची दारं मी अजून पाहिलेली नाहीत."

"आमच्या घराण्यात असं कुणाला झालेलं नाही हो."

"सर्दी झाली होती ना कुणाला? मग हेही होतं. त्यात लाजायचं काय?"

आई लाजली ती लाजलीच. वरच्या पायरीवर थोरली हसतमुख उभी होती. "या, या! तुम्ही येणार हे मला ठाऊकच होतं," म्हणत तिने पाणी पुढे केले. निदान एक लेक तरी चारचौघांत दाखवण्यासारखी आहे, या विचाराने आईची मान जराशी वर झाली.

धाकटीने दार उघडले. दोन्ही बाळे तिच्या अंथरुणावर निजलेली होती. डॉक्टरीणबाई आत गेल्या आणि त्यांनी आईला बाहेर थांबवून दार ओढून घेतले. आई दाराला चिकटून, कानात प्राण आणून उभी राहिली. आता हिने काय काय सांगावे आणि आपण कुठे तोंड लपवावे!

"कधीपासून येतंय हे रडू?"

धाकटीचा आवाज आला. इतका कोरडा, इतका शांत आवाज आईने कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

"येत नाही. आणावं लागतं."

"कशासाठी?"

"हसणाऱ्या बाईसाठी डॉक्टर बोलावतं का कुणी? बाळांपाशी मी थांबते. तुम्ही ताईला बघा."