ऐंशी सेंटचा शेअर
महिनाभर ड्वेन तीच चाचणी पुन्हा पुन्हा तपासत होता. एक डॉलरच्या आतले शेअर घ्यायचे, एवढाच नियम. पण मागच्या वीस वर्षांच्या भावांवर संगणक डोंगराएवढा नफा दाखवत होता. शाळेची बस चालवणं सोडायचं, म्हणून राजीनामाही लिहून झाला होता.

या नियमानं कोणत्या साली कोणते शेअर उचलले त्याची यादी बघून सासरे हसले. "हा ऐंशी सेंटला? अहो जावईबापू, त्या साली मी चाळीस डॉलर मोजलेत!"

ड्वेननं शोधलं. पुढे भाव चढला तेव्हा कंपनीनं एकाचे पन्नास शेअर केले होते, आणि संगणक जुना भाव पन्नासानं भागून दाखवत होता. म्हणजे नियम नेमके पुढे चढलेलेच शेअर उचलत होता.

"मग सोमवारी बस कोण चालवणार?" सासऱ्यांनी विचारलं.

"मीच!"

राजीनामा फाडताना ड्वेनला कळलं, बस सोडायचीच नव्हती; महिनाभर आपण हीच चूक शोधत होतो.